लिटल अंदमानला वीस दिवस: जावं की नाही?

हातातलं काम चालू असेल तर चालू द्या, फक्त रेडिओचा आवाज जरा वाढवा. आमच्या गटाच्या सहलीचा विषय मागे एकदा या कार्यक्रमात ओझरता निघाला होता. त्यानंतर तीन-चार गावांतल्या गटांनी एकच विचारलं, "अंदमानचं काय ठरलं?" म्हणून आज तेच सांगतो. काय ठरलं आणि कसं ठरलं, दोन्ही.

आम्ही अकराजणी, माणदेशातल्या. गटाच्या बचतीला हात न लावता सहलीसाठी दर महिन्याला वेगळे पैसे टाकतो, त्याला चार वर्षं झाली. पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर झालेलं आहे. समुद्र मात्र आमच्यातल्या सहाजणींनी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही. गटातल्या एका ताईंचा भाचा जहाजावर नोकरीला आहे. तो म्हणाला, "मावशी, सहलवाल्यांबरोबर पाच दिवस पळापळ करण्यापेक्षा लिटल अंदमानला जा. गर्दी नाही, मोठी हॉटेलं नाहीत, नुसतं जंगल आणि समुद्र. एवढ्या लांब जाताय तर चांगल्या वीस दिवस राहा." वीस दिवस! लग्न झाल्यापासून सलग वीस दिवस घराबाहेर आमच्यातली एकच बाई राहिली होती, आणि तीसुद्धा ऑपरेशनसाठी दवाखान्यात.

आधी हे बेट कुठं आहे ते सांगतो. अंदमानची राजधानी पोर्ट ब्लेअर. 2024 मध्ये तिचं नाव श्री विजयपुरम झालं, पण लोकांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. सेल्युलर जेल तिथंच, आपल्याकडची बहुतेक माणसं ते बघायला जातात. तिथून दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर लिटल अंदमान. लिटल म्हणजे लहान, पण हे बेट सातशे चौरस किलोमीटरच्या वर आहे. 2011 च्या जनगणनेत वस्ती 18 हजारांच्या वर होती. म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढी माणसं, आणि बाकी सगळं जंगल. जहाज हट बे या गावाला लागतं. तिथून पूर्व किनाऱ्यानं उत्तरेकडे एक मुख्य रस्ता जातो आणि त्याच रस्त्याच्या आधारानं वस्त्या आहेत. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं इथं जमिनी देऊन वसवलं, म्हणून गावांची नावं नेताजीनगर, रवींद्रनगर, विवेकानंदपूर अशी. घरात बंगाली बोलतात, पण हिंदी सगळ्यांना येते. नारळ-सुपारीच्या बागा, दोन धबधबे, बटलर बे नावाचा लांबलचक किनारा. बघायचं म्हणाल तर एवढंच.

आता शहरातली माणसं अशा ठिकाणी जातात तेव्हा वीज गेली, एकच बस आली, फोनला रेंज नाही, याची त्यांना मौज वाटते. आपल्याला त्यात कसली मौज? आमच्यातल्या आजी तर पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "एवढा पैसा घालून लाइट जायची, ती गावातच जाऊ दे की." हसलो सगळ्याजणी, पण बोलणं खरं होतं. गैरसोय सोसता येईल का, हा आपला प्रश्नच नव्हे. ती आपण रोज सोसतो. प्रश्न असा, की सुट्टीतही ती सोसायची का, आणि बदल्यात आपल्याला काय मिळणार?

मिळण्यासारखं खूप आहे, तेही सांगतो. हट बे पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य समुद्रातून वर येतो. पाणी निळंहिरवं, वाळू पांढरी, मागं उंच झाडांचं रान. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण सुखावतो. तिथं तीन हजारांच्या घरात पडतो. एवढं हिरवं बघूनच डोळे निवतील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं आपल्याला कुणी "चहा टाक" म्हणणार नाही.

पण तीन दिवसांत जी गंमत वाटते, ती विसाव्या दिवशी कशी वाटेल? आमची खरी चर्चा यावरच झाली. एक साधी गोष्ट घ्या. अंदमान आपल्यापेक्षा पुष्कळ पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीत तिथं पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. पुढं मिट्ट अंधार. बाजार नाही, देवळातली पालखी नाही, कुणाकडे हळदीकुंकू नाही. एक ताई म्हणाल्या, त्यांना असंच हवंय, झोपूनच काढेन. दुसरीनं कबूल केलं, की मालिका नसली तर तिसऱ्या दिवशी तिला घर आठवेल. दोघींचंही बरोबर. ज्या बाईला रिकामं बसायला जमत नाही, तिनं वीस दिवस अशा बेटावर जाऊ नये, यात कमीपणा काही नाही.

मग जेवणाचं. तिथलं जेवण भात आणि मासे. आमच्यातल्या पाचजणी माळकरी. भाजीपाला थोडा तिथं पिकतो, बराचसा जहाजानं येतो. जहाज चुकलं की भाजी महाग आणि मोजकी. कुणीतरी सुचवलं, खोली भाड्यानं घ्यावी, गॅसची शेगडी घ्यावी, स्वस्तात पडेल. तिथं आमचा जोराचा वाद झाला. कारण शेगडी आली की भाकरी आली, भाकरी आली की भांडी आली, आणि मग समुद्र राहिला बाजूला. आम्ही ठरवलं, की स्वयंपाक करायचाच नाही. जेवण ज्यात धरलेलं आहे अशीच जागा बघायची, पैसे जास्त गेले तर दिवस कमी करायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, मेतकूट न्यायचं, ते आपल्या चवीपुरतं.

जहाजाचं मात्र नीट ऐका. पोर्ट ब्लेअरहून हट बेला सरकारी जहाजानं सहा ते आठ तास लागतात. मधली सामुद्रधुनी उघडी आहे, लाटा मोठ्या, उलट्या होतात. हवा बिघडली की जहाज निघत नाही. तिकीटही फार आधी मिळत नाही, आणि बेटावरच्या रहिवाशांना त्यात प्राधान्य. ते असायलाच हवं, त्यांची ती एसटी आहे. पण याचा अर्थ, आपलं परतीचं विमान ठरलेलं आणि जहाज न ठरलेलं. म्हणून ज्यांना जायचं असेल त्यांनी विमानाच्या आधी निदान तीन दिवस पोर्ट ब्लेअरला राखून ठेवावेत. जहाज वेळेवर आलं तर त्या दिवसांत जेल बघून होईल. चेन्नईहून अंदमानला जहाज जातं, आणि आपल्याला सोलापूरहून चेन्नईची गाडीही आहे. पण समुद्रात जाताना तीन दिवस, येताना तीन दिवस, आणि महिन्यातून फेऱ्या मोजक्याच. आम्ही ते सोडून दिलं.

पैशाचे आम्ही वहीत तीन भाग केले. एक जाण्यायेण्याचे, एक राहण्याखाण्याचे, आणि तिसरे अडकलो तर लागणारे. तिसरा भाग निघत नसेल तर अशा बेटाचा विचारच करू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. समुद्राखालून केबल टाकल्यापासून, म्हणजे 2020 पासून, फोन आणि इंटरनेट बरंच सुधारलंय. तरी रोख पैसे जवळ ठेवावेत. सगळे एकीच्या पिशवीत नकोत.

तब्येतीचा विषय निघाला तेव्हा बैठक शांत झाली. आमच्यातल्या एका ताईंची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. जायची सगळ्यात जास्त हौस त्यांनाच, समुद्र न पाहिलेल्या सहाजणींतल्या त्या एक. हट बेला सरकारी दवाखाना आहे, पण दुखणं मोठं असेल तर पोर्ट ब्लेअरला न्यावं लागतं. जहाजानं किंवा हेलिकॉप्टरनं, आणि दोन्ही हवेवर अवलंबून. आम्ही कुणी त्यांना नको म्हटलं नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण दवाखाना आणि तुमच्यामध्ये समुद्र येईल अशा ठिकाणी मुक्काम नको. ताई घरी आल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बैठकीत म्हणाल्या, "समुद्र तो समुद्रच. मला कोकणात न्या." त्यांचं काय करायचं ठरलं ते पुढं सांगतो.

ज्यांना साखर किंवा बीपी आहे त्यांनी ठरलेल्या दिवसांपेक्षा दहा दिवसांच्या गोळ्या जास्त घ्याव्यात. डास आहेत, मलेरियाचा त्रास या बेटांवर पूर्वीपासून आहे, मच्छरदाणी न्यावीच. वाळूत बारीक चिलटं असतात, सकाळ-संध्याकाळ चावतात, खाज आठवडाभर जात नाही. वाळूत बसायचं तर जाड कापड अंथरून, अंगभर कपडे घालून. आणि मगरी आहेत! खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते तिथं पाय धुवायलासुद्धा उतरायचं नाही, आणि किनाऱ्यावर कुठंही पाण्यात जाण्याआधी गावातल्या माणसाला विचारायचं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत हट बेची फार हानी झाली. जमीन जोरात हलली किंवा समुद्र एकाएकी मागं सरला, तर सामान न बघता उंचावर पळायचं.

त्या त्सुनामीत बेटावरचे ओंगे लोक वाचले, कारण पाण्याची चाल ओळखून ते आधीच उंच जागी गेले होते. ओंगे हे या बेटाचे मूळचे रहिवासी. 1901 च्या सुमारास ते साडेसहाशेच्या वर होते, आता फार थोडे उरलेत. बेटाचा मोठा भाग त्यांच्यासाठी राखीव आहे. 1956 च्या नियमानं तिथं बाहेरच्यांना जाता येत नाही, फोटो काढता येत नाहीत. भाचा म्हणाला, कुणी "लांबून दाखवतो" म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. आपण धुणं धूत असताना अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन परड्यात शिरला तर आपण काय करू? तसंच ते. शंख आणि पोवळीही उचलून आणायची नाहीत, कायद्यानं बंदी आहे.

राहता राहिला महिना. मे अखेरपासून पाऊस, तो जवळजवळ डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. जावं तर जानेवारी ते एप्रिल. पण फेब्रुवारीत आपला शाळू काढणीला येतो, आणि एप्रिलमध्ये पाणी भरायला बाई घरात लागतेच. संक्रांत उरकून निघायचं आणि काढणीच्या आत परत यायचं, असं मोजलं तर हातात पंधरा दिवस राहतात. त्यातले दोन जाताना पोर्ट ब्लेअर, तीन येताना राखीव. बेटावर दहा. वीसचे दहा झाले, आणि खरं सांगायचं तर बैठकीतल्या बऱ्याचजणींनी सुस्कारा सोडला.

तर ठरलं ते असं. डिसेंबरमध्ये अकराही जणी तीन दिवस गुहागरला जाणार. अँजिओप्लास्टी झालेल्या ताई समुद्र बघतील, आणि बाकीच्यांना कळेल की दिवसभर पाण्याकडे बघत बसणं आपल्याला झेपतं की नाही. ज्यांना झेपलं नाही, त्या तिथूनही नाव मागं घेऊ शकतात. त्यासाठी विमानाची तिकिटं गुहागरहून आल्यावरच काढणार आहोत, चार पैसे जास्त पडले तरी. आज सातजणींनी नाव दिलंय. आजी नाही म्हणाल्या, त्या ताई नाहीत, एकीच्या लेकीचं बाळंतपण आहे, आणि एकीनं कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही. सातजणींच्या मिळून एकोणीस शेळ्या आहेत. त्या पंधरा दिवस सांभाळायच्या चौघींनी वाटून घेतल्यात, आणि त्याची मजुरी सहलीच्या पैशांतून द्यायची, असं वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या झाल्यात.