ब्विंडीचे अरण्य व इशाशाचा माळ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर यात्रांची व परदेशगमनाची अनेक वर्णने झाली आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी माझ्याहून अधिक रसाळ वाणीच्या वक्त्यांनी केली आहेत. चिटणीसांनी मजकडे ‘आफ्रिकेतील श्वापदे’ हा विषय सोपविला. श्वापदे मी पाहिली, आणि त्यांचे वर्णन केल्यावाचून बालगोपाळ मंडळी मला सोडणार नाहीत हेही मी जाणतो. तथापि मंडळाच्या हिशेबतपासनिसाचे काम बरीच वर्षे केल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणतीही वस्तू पाहिली की तिचा खर्च कोणाच्या खाती पडला, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आजच्या व्याख्यानात ही खोड डोकावेल, त्याबद्दल आपण सांभाळून घ्यावे.

‘सफारी’ हा शब्द आपणांस परका वाटण्याचे कारण नाही. अरबी ‘सफर’ शब्द जसा आपल्या भाषेत आला, तसाच तो पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतही गेला व तेथे ‘सफारी’ झाला. मूळ अर्थ केवळ प्रवास. बंदूक व जीपगाडी त्यास मागाहून चिकटली. आम्ही उभयतांनी या प्रवासासाठी युगांडा देश निवडला. विषुववृत्त त्या देशातून जाते. विस्ताराने तो आपल्या महाराष्ट्राहून लहान आहे. परंतु त्याच्या पश्चिम सरहद्दीवर घनदाट वर्षावन आणि मोकळा गवताळ माळ एकमेकांपासून काही तासांच्या मोटारप्रवासावर आहेत. दोन निराळी जगे एकाच खर्चात पाहावयास मिळावीत, हा आमचा व्यावहारिक हेतू होता.

प्रथम अरण्य. ब्विंडीचे राष्ट्रीय उद्यान देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात असून त्याचे क्षेत्र सुमारे 320 चौरस किलोमीटर आहे. त्याच्या अधिकृत नावातच ‘अभेद्य’ असे विशेषण आहे, आणि ते यथार्थ होय. सुमारे 1,160 मीटरांपासून 2,600 मीटरांपर्यंत चढत जाणाऱ्या त्या डोंगरांवर सपाट जागा अशी नाहीच. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर वेली. पाय टाकावा तो जमिनीवर पडला की वेलींच्या जाळ्यावर, हे कळत नाही. सह्याद्रीत श्रावणमासी जो ओला हिरवा काळोख असतो, तो येथे बाराही महिने असतो असे समजा. हे वन शेवटच्या हिमयुगातही तगून राहिले असे मानतात. आश्चर्य असे, की या पुरातन वनाच्या कडेपर्यंत केळी, बटाटा व चहा यांची शेते येऊन भिडली आहेत. एका पावलावर शेत, पुढच्या पावलावर अरण्य. मधे मोकळे रान म्हणून काही नाही. ही गोष्ट कृपया ध्यानी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या वनात जाण्याचे कारण म्हणजे डोंगरी गोरिल्ला. त्यांची भेट सर्कशीच्या खेळासारखी ठरल्या वेळी होत नाही. गोरिल्ले रोज संध्याकाळी पालापाचोळा दुमडून नवे बिछाने करतात. माग काढणारी माणसे पहाटे निघून आदल्या रात्रीचे बिछाने शोधतात आणि तेथून ताज्या मागावर जातात. पाहुण्यांची तुकडी आठ जणांची, त्याहून अधिक नाही. पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाही. सर्दीखोकला असलेल्यास परत पाठवितात. आम्हांस साडेतीन तास चढउतार करावी लागली, आणि माझ्या कुटुंबाने माझ्याहून पुढे राहून ती केली, हे येथे नमूद न केल्यास घरी मला जाब द्यावा लागेल.

मग वाटाड्याने हात वर केला. समोर वीसएक पावलांवर रुपेरी पाठीचा नर बसला होता. वजन दीडदोनशे किलो असावे. पण नजरेत भरले ते त्याचे हात. एका रानटी देठाची साल तो इतक्या हलक्या बोटांनी सोलत होता, की आमच्या आजीची शेंगा निवडण्याची लकब मला आठवली. दोन पिले त्याच्या पाठीवर चढून घसरत होती. एक मादी पाठ फिरवून पहुडली होती व तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो एकच तास. घड्याळाचा काटा सरताच वनरक्षकाने आम्हांस मागे वळविले.

या एका तासाचे मूल्य 2024 च्या जुलैपासून परदेशी पाहुण्यास दर माणशी 800 डॉलर आहे. म्हणजे आपले सत्तर हजार रुपयांच्या आसपास. शेजारच्या रुआंडात ते 1,500 डॉलर आहे. विमानभाडे, मुक्काम, मोटार सर्व निराळे. सभागृहात कुजबुज झालेली मला ऐकू आली. आमच्याही घरी झाली होती!

आता खाते उघडून पाहू. जमेची बाजू मोठी आहे, ती मनमोकळेपणाने मान्य केली पाहिजे. ब्विंडीलगतच्या विरुंगा पर्वतात 1980 च्या सुमारास अवघे अडीचशेच्या आसपास गोरिल्ले उरले होते. 2018 मध्ये ब्विंडी व त्यास जोडलेल्या वनात गणना झाली, तीत 459 भरले. विरुंगातील 604 धरून जगातील एकूण संख्या 1,063 झाली. त्याच वर्षी त्यांचे नाव ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आणले गेले. वनरक्षकांचे पगार व वैद्यकीय देखरेख यांस परवान्याच्या पैशाचा मोठा आधार आहे. 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे पाहुणे येणे थांबले. त्याच जून महिन्यात रफिकी नावाचा प्रसिद्ध रुपेरी नर एका चोरट्या शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. शिकारी लहान जनावराच्या मागावर होता व गाठ पडली रफिकीशी. त्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली. पाहुण्यांच्या पैशावर उभे असलेले अरण्य, पाहुणे नाहीसे होताच किती उघडे पडते, याचे हे उदाहरण होय.

शेत व अरण्य यांची सलगी मी मघाशी सांगितली. तिची एक कथा मला फार बोधप्रद वाटली. 1996 साली ब्विंडीतील गोरिल्ल्यांना खरूज झाली. केस गळू लागले, व एक पिलू दगावले. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका या तरुण पशुवैद्य बाईंनी उपचार केले. रोग आला कोठून, याचा विचार करता बोट मनुष्याकडे वळले. गोरिल्ले केळी खावयास शेतात उतरत. त्यांना भिववावे म्हणून शेतकऱ्यांनी बुजगावणी उभी केली होती, आणि बुजगावण्यांच्या अंगावर घरातले जुने कपडे होते. ज्या घरात साबण व औषध नाही, त्या घराची खरूज बुजगावण्यामार्फत अरण्यात गेली असावी, असा निष्कर्ष निघाला. बाईंनी 2003 मध्ये संस्था काढली, ती गोरिल्ल्यांच्या प्रकृतीबरोबर गावकऱ्यांचीही प्रकृती पाहते. पिलास वाचवावयाचे तर शेतकऱ्याच्या पोरास आधी औषध द्या, हा विचार मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

खर्चाची बाजू मात्र अवघड आहे. ब्विंडीच्या वनात पिढ्यानुपिढ्या बाट्वा नावाचे लोक राहत. कंद, मध, लहानसहान शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. शेती त्यांनी केली नाही, म्हणून जमिनीचा कागदही त्यांच्यापाशी नव्हता. 1991 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले व बाट्वांना बाहेर काढण्यात आले. शेतमालकांना भरपाईची भाषा तरी करता येते; ज्याची मालकी कोठेच लिहिलेली नाही, त्याने काय मागावे? ते दुसऱ्यांच्या बांधावर झोपड्या घालून मजुरी करू लागले. बाट्वांनी 2013 मध्ये दाद मागितली. 2021 मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला, व नुकसानीचे निवारण कसे करावे हे ठरविण्याचे काम उच्च न्यायालयाकडे सोपविले. मेळघाट व ताडोबा येथील उठविलेली गावे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातले काही नवीन वाटणार नाही. फरक इतकाच, की बाट्वांपाशी सोडून जाण्यासारखे गावदेखील नव्हते.

वनाच्या कडेला एका बाट्वा वृद्धाने आम्हांस काड्या घासून अग्नी करून दाखविला, मधाचे पोळे कसे काढावे त्याची नक्कल केली. पाहुणे टाळ्या वाजवीत होते. मी दुभाष्यास विचारले, हे ज्या वनातले ते वन कोणते? वृद्धाने हात करून समोरचा डोंगर दाखविला. त्याच डोंगरात मी त्या सकाळी परवाना घेऊन जाऊन आलो होतो. तो विनापरवाना जाता, तर गुन्हेगार ठरता. मी टाळ्या वाजविल्या नाहीत. पण न वाजविण्याने त्याचे काय भले झाले, हेही मला सांगता येणार नाही.

उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा कायद्याने आसपासच्या गावांस मिळतो. त्यातून शाळा व रस्ते झालेले आम्ही पाहिले. आपल्या शिक्षणनिधीचा अनुभव मात्र मला सांगतो, की निधी किती जमला हे विचारून भागत नाही. ज्याला पंचायतीत बसावयास जागा नाही, त्याच्यापर्यंत तो सर्वांत शेवटी पोहोचतो, आणि बाट्वांची तक्रार नेमकी हीच आहे.

ब्विंडीहून उत्तरेस उतरले की दोनतीन तासांत हवा पालटते. थंडी जाते, आकाश रुंद होते, आणि राणी एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानाचा दक्षिण भाग, इशाशाचा माळ, समोर पसरतो. हे उद्यान 1952 चे. दोन वर्षांनी त्यास हे नाव मिळाले. गुडघाभर गवतात कोब जातीची हरणे, दलदलीत लोळणारे रानरेडे, दूरवर हत्तींची रांग. अमीन याच्या राजवटीत व नंतरच्या अराजकात येथील हजारो हत्ती मारले गेले होते. आज दिसणारे कळप हे त्या संहारानंतर पुन्हा वाढलेले आहेत. उद्यानातून वाहणाऱ्या काझिंगा कालव्यात पाणघोडे इतके, की नाव हाकणाऱ्याने त्यांची गणती करण्याचा आमचा आग्रह हसून मोडीत काढला.

इशाशाची खरी नवलाई म्हणजे झाडावर चढणारे सिंह. आपल्या उंबराच्या कुळातली विशाल झाडे तेथे आहेत. त्यांच्या आडव्या फांद्यांवर चार पाय लोंबकळत टाकून सिंहिणी दुपारभर झोपतात. उष्मा, माश्यांचा त्रास, की दूरवर नजर ठेवण्याची सोय, कारणाविषयी मतभेद आहेत. वनराज म्हणून ज्याचे आपण स्तोत्र गातो, त्याचे पोट फांदीच्या दोन्ही बाजूंनी ओघळलेले पाहून आमच्या गाडीत मोठा हशा पिकला.

परंतु खाते येथेही तेच. या उद्यानाच्या हद्दीतच कोळ्यांची व गुराख्यांची गावे आहेत. सिंहाने गाय मारली की एका कुटुंबाची वर्षाची पुंजी गेली. 2018 च्या एप्रिलमध्ये हामुकुंगू गावाजवळ तीन सिंहिणी व आठ छावे विष घातल्याने मेले. 2021 च्या मार्चमध्ये इशाशातच सहा सिंह मृत सापडले. 2019 च्या कायद्यात भरपाईची तरतूद झाली आहे, हे योग्य पाऊल होय. पण गाय आज मरते आणि भरपाईचा कागद सवडीने चालतो, हा आपल्याकडचाही अनुभव आहे.

जेकब नावाच्या सिंहाचा एक पाय 2020 मध्ये सापळ्यात गेला. 2024 च्या फेब्रुवारीत हाच तीन पायांचा सिंह आपल्या भावासह सुमारे दीड किलोमीटर पोहून काझिंगा कालवा पार करून गेला. पाण्यात पाणघोडे व सुसरी, वेळ रात्रीची, आणि वर यंत्रातून टिपणारे संशोधक. त्यांच्या मते तो सिंहिणींच्या शोधात होता. अलीकडच्या तीरावर त्या फार थोड्या उरल्या आहेत. विष व फास यांचा हिशेब असा पाण्यावरही उमटतो.

आपले लोक तेथे कसे, असे पुष्कळांनी विचारले. 1972 मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन हिंदी लोकांस देशाबाहेर काढले होते; पुढे राजवट बदलल्यावर काही कुटुंबे परतली. आज कंपालात हिंदी दुकाने पुन्हा दिसतात. आपली चपाती तर रस्तोरस्ती आहे. तीत अंड्याची पोळी गुंडाळून देतात व त्यास ‘रोलेक्स’ म्हणतात. शाकाहारी मंडळींनी नावावर जाऊ नये.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी जून ते ऑगस्ट अथवा डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने पाहावे, आणि पीतज्वराची लस टोचून घ्यावी. परवाना कित्येक महिने आधी काढावा. अरण्यात जाताना एक ओझेवाला अवश्य करावा, मग आपले ओझे पाण्याच्या बाटलीएवढेच का असेना. हे ओझेवाले वनालगतच्या गावांतलेच असतात. आमच्याबरोबरचा तरुण चढावर मागून आधार देई व उतारावर पुढे होई. त्याचा बाप याच वनात फास लावीत असे, असे त्याने आम्हांस आपण होऊन सांगितले. आता बाप केळी लावतो, आणि मुलगा आठवड्यातून तीन दिवस ओझे वाहतो.