न्हाणीघरातला विस्तव



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून राज्यकारभार, इतिहास, धर्म, वाङ्मय अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह होत आला आहे. त्या पंक्तीत अंघोळीच्या पाण्याला जागा मिळावी, आणि तीही श्रोत्यांच्या अंगातून घामाच्या धारा वाहत असताना, हे आपणांस काहीसे विपरीत वाटेल. परंतु ज्या गोष्टीसाठी आपल्या पनवेल परिसरातील खेडोपाडी रोज पहाटे विस्तव पेटतो, तिचा हिशेब एकदा चारचौघांत मांडावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या स्वयंपाकघरातही गॅसची शेगडी येऊ लागली. ही गोष्ट चांगली झाली, यात शंका नाही. पण चूल घरातून गेली असे मात्र झाले नाही. ती ओट्याजवळून उठली आणि मागल्या दारी न्हाणीपाशी जाऊन बसली. भात गॅसवर शिजतो आणि अंघोळीचा हंडा तीन दगडांवर चढतो, असे दृश्य गाढी नदीच्या खोऱ्यात, कर्नाळ्याच्या पायथ्याशी किंवा माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत आजही दिसते. कारण विचाराल तर उत्तर ठरलेले असते : गॅसला पैसे पडतात, सरपण फुकट मिळते.

सगळी मेख या 'फुकट' शब्दात आहे. म्हणून थोडे अंकगणित करू. ते चौथीच्या मुलालाही समजेल.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. अंघोळीची बादली वीस लिटरची धरा आणि पाणी पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायचे आहे असे समजा. म्हणजे २० गुणिले २०, अर्थात ४०० किलोकॅलरी झाल्या. कडकडीत तापवून मागून विसण घातले तरी हिशेब तोच राहतो. वाळलेल्या एक किलो लाकडात ढोबळमानाने ४,००० किलोकॅलरी असतात. तेव्हा शंभर ग्रॅम लाकडात, म्हणजे मूठभर काटक्यांत, एका माणसाची अंघोळ व्हायला हरकत नाही. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीतली उष्णता शंभरात दहा भागांच्या आसपासच भांड्याला पोचते. उरलेली वारा नेतो, दगड खातात आणि धूर घेऊन जातो. म्हणून जेथे शंभर ग्रॅम पुरावे तेथे किलोभर लाकूड जळते.

पाच माणसांच्या घरात रोजचे पाच किलो झाले. उन्हाळ्याचे चार महिने सोडून दिले तरी उरलेल्या आठ महिन्यांचे १,२०० किलो होतात. वीस किलोंची एक मोळी धरली, तर साठ मोळ्या. आता या साठ मोळ्या कोणाच्या डोक्यावरून येतात? घरधन्याच्या खासच नव्हे. डोंगर चढून काटक्या वेचायच्या, मोळी बांधायची, उतारावर पाय सांभाळत घरी आणायची आणि पुन्हा पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तीच लाकडे फुंकणीने पेटवायची, हे सारे ज्या बाईच्या वाट्याला येते, तिच्या वेळेची किंमत शून्य धरल्याशिवाय सरपण फुकट ठरत नाही. तिच्या छातीत जाणारा धूर तर हिशेबाच्या वहीत कधीच चढत नाही. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. न्हाणीची चूल परसात असली म्हणजे धूर कमी कोंडतो हे खरे. पण फुंकणारीचे तोंड चुलीपासून हातभरच दूर असते, हेही तितकेच खरे.

लाकडाचा प्रश्न आमच्या या भागाला नवा नाही. शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. रानावर रानाजवळच्या माणसाचा काही हक्क आहे की नाही, हा त्या लढ्याचा गाभा होता. तो हक्क आम्ही मानतो. म्हणूनच वाडीवरच्या बाईला 'झाड तोडू नकोस' असा उपदेश करण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला आहे असे आम्हांस वाटत नाही. तिला कमी लाकडात पाणी तापवून द्या. मग ती डोंगर चढणार नाही, हे सांगायला कोणी उपदेशक नको.

कमी लाकडात पाणी तापवण्याची विद्या आपल्या पूर्वजांना नव्हती असे मात्र समजू नका. चुलीला लागून वैल ठेवण्याची रीत कशासाठी होती? मुख्य भांड्याखालून निसटलेली आच दुसऱ्या भांड्याने अडवावी म्हणून. आणि तांब्याचा बंब पाहा. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेले असे बंब ज्यांच्या घरी होते त्यांना त्याची रचना सांगायला नको. मध्ये नळी, नळीत विस्तव आणि भोवताली पाणी. चुलीवर विस्तवाला पाण्याचा एकच तळ भेटतो. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात बसलेला असतो, तेव्हा उष्णतेला पळायला वाट म्हणून वरचे तोंड तेवढे उरते. चार गोवऱ्या, थोड्या करवंट्या, मूठभर ढलप्या, एवढ्यावर घरादाराच्या अंघोळी उरकत. ते आपण अडगळ म्हणून मोडीत घातले आणि त्या जागी पत्र्याचा डबा तीन दगडांवर ठेवला, याला प्रगती म्हणावे काय?

आता विजेकडे वळू. मघाच्या ४०० किलोकॅलरी म्हणजे विजेचे जवळजवळ अर्धे युनिट. पाच बादल्यांना रोज अडीच, महिन्याला पंचाहत्तर युनिटे. वापरणाऱ्याला यात धूर दिसत नाही, कारण धूर दूरच्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून निघतो. तेथे जळालेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच विजेच्या रूपाने तारेत शिरते. पाचशे अंशांवरची वाफ करायची, तिने चक्र फिरवायचे, वीज शेकडो मैल न्यायची आणि अखेर तिच्याकडून पाणी पंचेचाळीस अंशांवर आणायचे, हा व्यवहार मुंगी मारायला तोफ आणण्यासारखा आहे. गॅसचा गिझर या मानाने काटकसरी असतो, पण तो बंद न्हाणीघरात लावणे म्हणजे जीवाशी खेळ. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. तो लावायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत लावावा.

राहता राहिला सूर्य. सूर्याने पाणी तापवण्याची कल्पना परकीयांनी काल-परवा आणून दिली, अशी एक समजूत आहे. वास्तविक खाडीपलीकडच्या मुंबईतच हायकोर्टात नोकरी करणाऱ्या विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने आरशांनी ऊन एकवटून पाण्याची वाफ केली आणि कुलाब्यात तिच्यावर एक लहानसा पंप चालवून दाखवला. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरावी, असे सांगणारे त्याचे पुस्तक १८७८ साली निघाले. पुढे १८९१ साली अमेरिकेत क्लॅरेन्स केम्प याने घरगुती सौर बंबाचे पेटंट घेतले. इस्रायलने तर १९८० पासून नव्या घरांना असा बंब सक्तीचाच केला.

त्याची रचना सोपी आहे. काचेखाली काळा पत्रा, पत्र्याला चिकटून नळ्या आणि वरच्या अंगाला गुंडाळून ठेवलेली टाकी. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी खाली उतरते. पंप लागत नाही. दोन चौरस मीटरचा असा पत्रा स्वच्छ उन्हात शंभर लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापवतो. त्यात विसण घातले की त्याचे दोनशे लिटर होते. पाच माणसांच्या अंघोळी होऊन वर भांड्यांनाही उरावे, एवढे हे पाणी झाले.

मग खेड्यात तो घरोघर का दिसत नाही? लोक अडाणी आहेत असे उत्तर देणारे सद्गृहस्थ भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. खेडूत ज्या शंका काढतो त्या रास्त असतात. या बंबाला त्याच्या टाकीहून उंच अशी गार पाण्याची टाकी लागते. जिथे पाणी हंड्याने येते तिथे बंब काय कामाचा? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझे. ते कौलारू छपरावर कसे चढवायचे? बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्या भरतात, त्या साफ कोणी करायच्या? आणि सर्वांत मोठी शंका आपल्या कोकणची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सूर्यनारायण ढगांआड असतात आणि ऊन पाण्याची खरी गरज भिजून आलेल्या लावणीवाल्यांना तेव्हाच असते.

या शंका झटकून टाकून यंत्र खपवणारा विक्रेता निघून जातो, आणि दोन वर्षांनी त्या यंत्रावर वाळवणे पडतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, एकाच यंत्राने सर्वांचे कल्याण करण्याचा हट्ट सोडावा आणि पायरीपायरीने चढावे. पहिली पायरी बिनपैशाची आहे. हंड्यावर झाकण ठेवावे, तळाची काजळी खरवडावी, पावसाळ्याचे सरपण मे महिन्यातच छपराखाली घ्यावे. ओल्या लाकडाची बरीच आच स्वतःचेच पाणी आटवण्यात जाते. दुसरी पायरी बंबाची. तीन दगड जाऊन बंब आला आणि दहाच्या जागी तीस भाग उष्णता पाण्याला मिळाली, तर साठ मोळ्यांच्या वीस होतात. चाळीस खेपा वाचतात. तिसरी पायरी सूर्याची. ज्याच्या घरी नळ आणि टाकी आहे त्याने ती चढावी. छप्पर पेलत नसेल तर अंगणात उन्हाच्या बाजूला चौथऱ्यावर बंब बसवावा, गार पाण्याची टाकी त्याहून उंच ठेवावी आणि पावसाळ्यासाठी तांब्याचा बंब मोडीत न घालता जवळ ठेवावा. सूर्य आठ महिने राबेल, बंब चार महिने.

राहिला पैशाचा प्रश्न. सरपणाचे मोल रोज थोडे थोडे द्यावे लागते, तेही घामाने. सौर बंबाचे मोल एकदम आणि रोख मोजावे लागते. गरीब माणूस महाग सरपण जाळतो तो याच कारणाने. यावर दान हा उपाय नव्हे, हप्ता हा उपाय आहे. बचत गटांतून शिलाई यंत्राला, म्हशीला कर्ज मिळते, मग पाण्याच्या बंबाला का मिळू नये? आणि आश्रमशाळा, वसतिगृहे, दवाखाने यांपासून आरंभ केला, तर वाडीतल्या लोकांना यंत्र चालताना डोळ्यांनी दिसेल, गावातल्या एखाद्या हुशार पोराला त्याची दुरुस्तीही शिकता येईल.

आपण पनवेलकर येथे नुसते श्रोते नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली तेव्हा आसपासची गावेही शहरात आली. गाव आणि शहर यांच्यातली वेस आता उरली नाही. आपल्यांपैकी कोणी शाळेच्या मंडळावर आहे, कोणी पतपेढीवर, कोणी सोसायटीच्या समितीवर. आधी आपल्या गच्चीवर चढून पाहा. एक नळ गळतो म्हणून बंद पडलेला सौर बंब तेथे असेल, तर तो पहिल्यांदा सुरू करा. मग गावाकडे वळा.

आणि गावाकडे वळाल तेव्हा एक पथ्य पाळा. बंब कोणता घ्यावा, कुठे बसवावा, हे ओटीवर बसलेल्या पुरुषांना विचारून ठरवू नका. मोळी जिच्या डोक्यावर असते तिला प्रथम विचारा. वर्षातून किती खेपा घालतेस, एवढेच विचारा आणि तो आकडा घरधन्यासमोर मांडा. सरपण फुकट नाही, हे त्याला पटवून द्यायला मग निराळे व्याख्यान लागणार नाही.