परसबागेचं पीक ताटात उतरू द्या

पोलादपूर आणि महाड तालुक्यांतून आलेले शिक्षक बंधुभगिनी, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि मागच्या रांगेत बसलेल्या, पण मानाने पहिल्या रांगेत बसायला हव्या होत्या अशा पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनो,

आज मला एकाच विषयावर बोलायचं आहे. शाळेची परसबाग आणि मुलाचं ताट, यांच्यामध्ये जे अंतर राहिलं आहे, त्याबद्दल.

केंद्र सरकारने 2019 मध्ये शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर आपल्याकडेही वाफे पडले, फलक रंगले. तपासणीच्या दिवशी बाग रेखीव दिसते, फोटो वर जातो. पण त्या आठवड्यात वाफ्यातलं काय शिजलं आणि कोणत्या मुलाने ते आवडीने खाल्लं, याची नोंद कुठल्या रजिस्टरात सापडते? माझ्या मते परसबागेची खरी तपासणी मधल्या सुट्टीत, ताटावर व्हायला हवी.

याची निकड का आहे, ते सांगतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या शंभर बालकांमागे जवळपास 69 बालकांत रक्तक्षय आढळला. हीच मुलं आता आपल्या वर्गात बसली आहेत. आपल्या वाड्यांमधली कर्ती माणसं मुंबईला, घरी आजी-आजोबा आणि नातवंडं. सकाळी चहाबरोबर बटर किंवा खारी, दुपारी शाळेतला भात आणि संध्याकाळी दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट. जेवणाच्या वेळी घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि पालेभाजीवर पिळलेलं लिंबू तेच लोह शोषायला मदत करतं, हे आपण पाठ्यपुस्तकातून शिकवतो. पण लिंबाचं झाड शाळेच्या आवारात असलं आणि माठाच्या भाजीवर मुलांनी स्वतः लिंबू पिळलं, तर ते वेगळं शिकवावंच लागत नाही.

पावसाळ्यात मांडवाखाली उभं राहून पाहा. चौथीतली मुलगी पडवळाच्या टोकाला सुतळीने छोटा दगड बांधते, म्हणजे पडवळ वेटोळं न होता सरळ वाढतं. रोज येऊन ती दगड घसरला तर नाही ना, ते पाहते. पानामागची अळी चिमटीत धरून काढते. पडवळ काढलं की तराजूत घालते, वजन फळ्यावर लिहिते. एरवी भातातून पडवळाची चकती वेचून ताटाच्या कडेला ठेवणारी हीच मुलगी त्या दिवशी शेजारच्याला सांगते, ‘आमच्या मांडवाचं आहे, खा.’ मुलाने भाजी खावी म्हणून आपण जी व्याख्यानं देतो, ती सगळी या एका वाक्यापुढे फिकी आहेत.

त्या वजनातच गणिताचा तासही आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीसाठी भाजी 75 ग्रॅम. आपल्याकडे अठरा पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. पाचवीपर्यंतच्या अठरा मुलांना रोज 900 ग्रॅम भाजी लागते. अर्ध्या गुंठ्याची बाग ती रोज देऊ शकणार नाही, हे मुलांनाच मांडून पाहू द्या. परसबाग पातेलं भरण्यासाठी आहे असा आव आपण आणू नये. तिचं काम जीभ घडवण्याचं आहे. बाजारातून येणारी भाजी येऊ द्या, पण आठवड्यातून एक-दोन दिवस बागेतलं काहीतरी पातेल्यात पडलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट, बाग इथली असावी. घाटावरची आखणी आपल्याला लागू पडत नाही. सावित्रीच्या या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. जुलैत सपाट वाफ्यात मेथी पेरली तर कुजणार. म्हणून पावसाळ्यात गादीवाफे आणि मांडव: पडवळ, दोडका, घोसाळी, कारली, काकडी, भोपळा आणि बाजूला भेंडी. वाफे उताराला आडवे घ्या. जुलै 2021 मध्ये तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीने दरडी कोसळून जे सोसलं, त्यानंतर आपल्या मुलांना माती कशी वाहते आणि कशी धरून ठेवायची, हे हाताने कळलंच पाहिजे. भात कापल्यावर थंडीत मुळा, माठ, वांगी, टोमॅटो आणि आपला कडवा वाल. उन्हाळ्यात पाणी आटतं, तेव्हा हात आणि भांडी धुतल्याचं पाणी अळू, केळ आणि शेवग्याला वळवा. माकडांचा त्रास मला ठाऊक आहे. शेंगा आणि काकड्या ती ठेवत नाहीत, पण हळद, आलं आणि सुरणाच्या वाटेला सहसा जात नाहीत. जिथे उपद्रव जास्त, तिथे बागेचा मोठा भाग या कंदांना द्या. मोकाट गुरांसाठी चिव्याच्या काठ्यांचं कुंपण पालकांच्या श्रमदानातून होऊ शकतं.

कडव्या वालाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो रायगडचा आहे आणि शाळेसाठी त्याच्याइतकं चांगलं पीक मला दुसरं दिसत नाही. भातानंतरच्या ओलीवर तो येतो, वेगळं पाणी मागत नाही, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. हिवाळ्यात त्याच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजून आपण पोपटी लावतो. वाळलेले वाल रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात टाकून सोला. मुलं हे सोलण्याचं काम चढाओढीने करतात, साल सुटून पांढरी डाळिंबी बोटांतून निसटली की हसतात. या डाळिंब्यांचं बिरडं हा आपल्या घरातला पदार्थ आहे आणि मोड आलेल्या कडधान्याला पोषण आहारात जागा आहे. नाचणीचंही तसंच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्या मानाने नगण्य. आपल्या डोंगरउतारांवर पिकणारी नाचणी आपल्याच मुलांच्या ताटातून गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रानभाज्या तर आपल्या दाराशी उगवतात: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं. इथे शिक्षकाने आजीला शाळेत बोलवावं. कोवळा टाकळा केव्हा खुडायचा, शेवळं काकडाच्या फळांशिवाय का शिजवायची नाहीत, अळूत आंबट का घालायचं, हे तिला ठाऊक आहे. तिने सांगावं आणि शिक्षकाने त्याला विज्ञान जोडावं, की शेवळं आणि अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. मात्र जाणत्या माणसाने ओळखल्याशिवाय रानातलं एकही पान पातेल्यात जाता कामा नये.

हे सगळं नवं नाही. 1937 च्या वर्धा परिषदेपासून नई तालीम हेच सांगत आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांचं शिक्षण त्यांच्या भोवतालातूनच उभं केलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे शेती आणि आहार हे हाताने शिकायचे विषय झाले. जपानने तर 2005 मध्ये आहारशिक्षणाचा कायदाच केला.

आणि आपण महाडच्या शेजारी आहोत. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या भूमीत शाळेची बाग कुणी शिंपायची, पाण्याला कुणी हात लावायचा, स्वयंपाक कुणी करायचा, हा प्रश्न कुठल्याही गावात पुन्हा उठता कामा नये. एकाच मांडवाखाली राबलेली मुलं एका पंगतीत बसतात, हे या बागेचं मला सर्वांत मोठं पीक वाटतं.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. कार्यानुभवाची तासिका खरोखर बागेत जाऊ द्या. काय पेरलं याबरोबर काय शिजलं आणि किती उरलं, हे मुलांच्या वहीत रोज लिहिलं जाऊ द्या. पदार्थ ठरवताना स्वयंपाकी ताईंना विचारा, त्यांचं मानधन वाढावं म्हणून या संमेलनाने ठराव करावा. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालण्याची पाळी गावाने घ्यावी. आणि विकतच्या बियाण्याच्या पुड्यांवर थांबू नका. परत गेल्यावर प्रत्येक मुलाला घरून मूठभर बी आणायला सांगा: आजीने राखेत घोळून ठेवलेला वाल, चुलीवर टांगलेल्या भोपळ्याच्या बिया, जे असेल ते. त्यावर घराचं नाव लिहा, डब्यात भरा आणि पावसाळी बी जूनमध्ये शाळा उघडेल त्याच आठवड्यात, वाल भातकापणीनंतर, मुलांच्या हातांनी पेरा.