कडेवरचं भावंड

तारापूर एमआयडीसीला लागून असलेल्या कुंभवलीसारख्या गावात आई पाळीवर गेली की धाकट्याला थोरली सांभाळते. ते भुकेनं रडतंय की झोपेनं, हे तिला नेमकं कळतं. ही समज तिनं आईकडे बघत उचललेली असते.

डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला अशाच थोरलीनं शाळेची रीत बदलायला लावली. ती शाळा चालवणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करताना मुलांकडे बघायला शिकल्या. १९४५ साली बोर्डीत त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलींना शाळेत येणं जमेना. कडेवर भावंड असायचं. मग भावंडासकट बोलावलं! पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आली. नाव विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात गेली. न येणाऱ्यांच्या नावापुढे हजेरीपटावर लाल रेघ मारणं किती सोपं होतं, नाही का?

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. गिजुभाईंकडून ताराबाईंकडे आणि त्यांच्याकडून अनुताईंकडे आलेलं हे काम त्यांनी १९९२ पर्यंत, स्वतःच्या अखेरीपर्यंत, सांभाळलं.