कंबरेचं माप



स्कॅनवरून चरबीचा ठावठिकाणा शोधणाऱ्या तुम्हा डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी पुण्यात जमावं, याला कारण आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला. एक आपले पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. डेक्सा स्कॅनमध्ये मात्र युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! त्याच्या किती तरी आधी, १९९३ पासून, पुण्याच्या केईएम रुग्णालयाची माणसं पुण्याजवळच्या सहा गावांत फिरत होती. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची. दंड बारीक, पोट बारीक, पण पाठीवरची चरबी इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत बरीचशी टिकून.

हे वाचलं की मला माझे थोरले काका आठवतात. काटक, बांध्यानं सडसडीत. त्यांना शुगर निघाली तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसेना. ‘अंगावर मांस नाही, याला कसली शुगर?’ पुढे त्यांच्या पोटाचा एमआरआय मी स्वतः पाहिला. कातडीखाली चरबीची पांढरी कड बोटभरही नव्हती, आणि आत आतड्यांभोवती सगळं पांढरंशुभ्र. त्या चरबीतलं रक्त थेट यकृतात जातं. वजनकाट्यावर उभं करून आम्ही इतकी वर्षं त्यांना निरोगी ठरवत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

डेक्सा अंगातल्या चरबीचा हिशेब देतो, एमआरआय आणि सीटी ती नेमकी कुठं बसली आहे ते दाखवतात. ही यंत्रं तालुक्याच्या दवाखान्यात इतक्यात पोचणार नाहीत. टेप पोचते. आपल्याकडे पुरुषांच्या कंबरेला ९० सेंटिमीटर आणि बायकांच्या ८० ही मर्यादा धरतात. या दोन दिवसांत तुम्ही स्कॅनमध्ये जे पाहाल, ते आशाताईंच्या हातातल्या टेपेपर्यंत कसं न्यायचं, यावर भरपूर बोला, भांडा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नोंदणीच्या टेबलावर टेपा ठेवल्या आहेत. जेवणाआधी प्रत्येकानं आपलं माप घ्यावं. पँटच्या पट्ट्यावर नाही, तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.