जुने तुकडे आणि यंत्राची सुई

ज्या घरांत आजीच्या लुगड्याची गोधडी अजून घडी घालून जपून ठेविलेली आहे, त्या घरांतील श्रोत्यांना अमेरिकेंतील एका धंद्याची ही हकीकत परकी वाटण्याचें कारण नाहीं. त्या देशांत अनेक स्त्रिया, आणि कांहीं पुरुषहि, घरच्या खोलींत एक लांबलचक यंत्र मांडून दुसऱ्यांच्या क्विल्ट शिवून देतात. क्विल्ट म्हणजे तीन थरांची रजई: वर तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर, मध्यें कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खालीं अस्तर. दर्शनी पदर बहुधा गिऱ्हाइकानेंच जोडलेला असतो. तिन्ही थर एकत्र टांचण्याचें काम तेवढें कारागिराकडे येतें. कापड नवें असलें तर यांत विशेष अवघड असें कांहीं नाहीं. परंतु कधीं कधीं गिऱ्हाईक एक जुनें गांठोडें घेऊन येतें. त्यांतील चौकोन त्याच्या आजीनें किंवा पणजीनें १९३० च्या सुमारास जोडून तसेच ठेवून दिलेले असतात. खरा पेंच तेथें पडतो.

हें कापड कोठून आलें, तें पाहण्यासारखें आहे. त्या काळीं पीठ, साखर, कोंबड्यांचें खाद्य हें सारें सुती पोत्यांतून विकलें जाई. पोतें रिकामें झालें कीं गृहिणी त्याची सांखळीटांक्याची शिवण उसवीत, छापील नांव धुऊन काढीत आणि त्या कापडाचे अभ्रे नि मुलांचे कपडे करीत. गिरणीवाल्यांच्या हें ध्यानांत आलें, आणि १९२० नंतरच्या वर्षांत पोत्यांवरच फुलांची छिटें छापलीं जाऊं लागलीं. शंभर पौंडांच्या पोत्यांतून सुमारें एक वार कापड निघे. उरल्यासुरल्या चिंध्या क्विल्टच्या चौकोनांत जात. ‘कॅन्सस सिटी स्टार’ हें वृत्तपत्र १९२८ पासून १९६१ पर्यंत अशा चौकोनांचे नमुने छापीत असे.

आपल्या गोधडीच्या धांवदोऱ्याप्रमाणें तेथेंहि टांचण्याचें काम पूर्वीं हातानेंच होई. आज तें ज्या यंत्रावर होतें, त्यास ‘लाँगआर्म’ म्हणतात. घरगुती यंत्रावर कापड सुईखालीं सरकवावें लागतें. येथें कापड लांब चौकटीच्या लाटांवर ताणून बसवितात, आणि यंत्राचें डोकेंच रुळांवरून फिरतें. कागद जागेवर ठेवून लेखणी फिरवावी, तशी कारागीर स्त्री सुई फिरविते. यंत्राचा टांका म्हणजे कमअस्सल, असें मत पुष्कळ दिवस रूढ होतें. १९८९ सालीं केंटकी संस्थानांतील पडूका येथें अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनांत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रानें टांचलेल्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालें, तेव्हांपासून त्या मताचा जोर ओसरला.

जुने चौकोन पसरले कीं पहिल्यानें दिसतें तें हें कीं, एकहि चौकोन दुसऱ्याएवढा नाहीं. तुकडे पुठ्ठ्याच्या मापावरून कातरीनें कापलेले, आणि वापरून वापरून पुठ्ठाहि झिजलेला. कांहीं कडा उरेब, म्हणून ताणल्या गेलेल्या. शिवणीपलीकडे पाव इंच कापड सुटावयास हवें, तेथें सूतभरच सुटलेलें. अशांचा पदर सपाट बसत नाहीं. मध्यें झोळ येतो. सुई पुढें सरकली कीं झोळ तिच्यापुढें गोळा होतो, त्याची चुणी पडते आणि ती तशीच शिवली जाते.

त्याहून कठीण प्रश्न कापडाच्या जिवाचा. एक तुकडा पोत्याचा, दणकट. शेजारचा कोणाच्या जुन्या झग्याचा, विरलेला. एकोणिसाव्या शतकांतील कांहीं काळे व तपकिरी रंग लोहाच्या क्षारांनीं पक्के केलेले असत. ते क्षारच कालांतरानें धागा खातात, आणि बाकीची छपाई शाबूत असतां काळी रेघ तेवढी गळून पडते. जुना लाल किंवा गर्द निळा रंग ओला होतांच फुटण्याची भीति असते. म्हणून सुटे चौकोन आधीं धुऊन आणावयास सांगणारा कारागीर अडाणीच म्हटला पाहिजे. पाण्यांत कडांचीं सुतें निघतात आणि सूतभर कापड शिल्लक होतें तेंहि जातें.

जाणती स्त्री प्रथम छायाचित्रें घेते, उसवलेल्या शिवणी हातानें सांधते, विरलेल्या तुकड्यामागें पातळ कापडाचा आधार देते. झोळ असेल तर मध्यें लोकरीचा फुगीर थर घालते, म्हणजे जादा कापड त्या फुगवट्यांत सामावतें. सुई बारीक आणि दोरा पातळ, सुती. दोरा कापडाहून बळकट असला तर ताण पडतांच कापड फाटतें. आधीं प्रत्येक चौकोनाभोंवतीं शिवणीच्या खाचेंत टांका घालून ती पदर जागेवर बसविते, मगच आंतील नक्षीला हात घालते, आणि ती नक्षीहि विरळ ठेविते. दाट नक्षीला प्रदर्शनांत वाहवा मिळते खरी, परंतु प्रत्येक टांका म्हणजे एक भोंक, आणि विरलेल्या कापडाला तें पेलत नाहीं.

मग आजीची वांकडी शिवण उसवून सरळ करावी काय? गिऱ्हाइकाला ती सरळ हवी असते. कारागिराचे हातहि शिवशिवतात. पण शिवण धड असून नुसती वांकडी असेल, तर ती तशीच राहूं देणें हेंच योग्य. वस्तुसंग्रहालयाच्या दृष्टीनें पाहिलें तर असा जुना पदर टांचूंच नये, आहे तसा जतन करावा. शंभर वर्षांपलीकडच्या पदराला हा नियम खुशाल लावावा. पण ज्या नातीला आजीचे हे तुकडे मुलीच्या अंथरुणावर पाहावयाचे आहेत, तिला ते पेटींत कुजूं द्या असें सांगणें कठोरपणाचें होईल.

या गोष्टी कामाआधींच बोलून, लिहून ठेवाव्या लागतात. एकदां सुई फिरली कीं मागें येणें नाहीं. जो चौकोन सुई सोसणार नाहीं, तो आम्लरहित कागदांत गुंडाळून परत दिला जातो. त्याच्या जागीं त्याच सुमाराचें दुसरें छीट बसवावें कीं ती जागा साध्या पांढऱ्या कापडानें भरावी, हें मात्र गिऱ्हाइकानें ठरवावयाचें असतें.