जिवतीचा कागद आणि माझी भिंत

व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे जे लटकलेलं दिसतं ते काय आहे, असं ऑफिसातले लोक नेहमी विचारतात. आज त्याबद्दल बोलतो.

मी मालेगावचा. नाशिकवालं नाही, वाशीम जिल्ह्यातलं! घरून काम सुरू झालं तेव्हा माझ्या खोलीत दोन खोकी होती. एकात माझी स्केचेस, तिकिटं, जुन्या रेडिओचं सर्किट, दुसऱ्यात आजोबांची हिशोबाची वही. माझं कलेचं शिक्षण म्हणजे शाळेतली एलिमेंटरी परीक्षा, बस. पण वाटलं, खोक्यात पडून राहण्यापेक्षा हे सगळं भिंतीवर असावं.

इंटरनेटवर वाचलं की पिकासोनं १९१२ मध्ये चित्रावर खुर्चीच्या विणीचं छापील ऑइलक्लॉथ चिकटवलं, भोवती दोर लावला आणि तिथून कोलाजची गोष्ट सुरू झाली. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आपली जिवती काय आहे?"

खरंच की. श्रावणात जिवतीचा छापील कागद भिंतीवर लागतो. नरसिंह, कृष्ण, जरा-जिवंतिका, बुध-बृहस्पती. त्याला हळद-कुंकू, आघाडा-दुर्वांची माळ आणि कापसाचं वस्त्र. कागद, कापूस, पानं, रंग, सगळं एकाच भिंतीवर. मिक्स्ड मीडिया म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

तर मी लागलो कामाला. एमडीएफचा तुकडा आणला, त्यावर सोयाबीनच्या पोत्याचं बारदान, वर सर्किट, आणि मध्यभागी आजोबांच्या वहीतलं एक पान. खरं पान. खाली-वर दोन्हीकडून पाणी घातलेला फेविकॉल. दहा मिनिटांत शाई पसरली. फाउंटन पेनची शाई पाण्यात विरघळते, हे मला माहीत असायला हवं होतं. कापूस किती क्विंटल, गाडीभाडं किती, सगळा निळा डाग. बाबा बघून गेले, काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात उरलेलंही गेलं. ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवलेला एमडीएफ कडेनं फुगला, बारदानाला बुरशी आली.

दुसऱ्यांदा प्लायवूड घेतलं, बारा मिलिमीटरचं. दोन्ही बाजूंनी आणि कडांना प्रायमर, कारण एकच बाजू रंगवली तर बोर्ड वाकू शकतो. मागे लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे भिंत आणि बोर्ड यांच्यात बोटभर हवा राहते. ड्रिलनं भोकं पाडून प्लास्टिकचे गट्टू, मग स्क्रू. नुसत्या खिळ्यावर एवढं वजन ठेवू नका, आमच्या जुन्या भिंतीचा गिलावा तर हातानंच सुटतो. सर्किट तारेनं बांधलं. बारदान शिवलं, चिकटवलं नाही. उद्या काढावंसं वाटलं तर टाके उसवता येतात.

आणि वहीचं पान? उरलेल्या पानांचा स्कॅन काढला, गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात लेझरवर प्रिंट मारली. लेझरची पावडर उष्णतेनं कागदावर बसते, ओल्या फेविकॉलनं पसरत नाही. इंकजेटची शाई बऱ्याचदा पसरते, म्हणून दुकानात आधी विचारा. मूळ वही आता कपाटात, कापडात गुंडाळून. माझं ऐकणाऱ्यांना एवढंच सांगेन, ज्याची दुसरी प्रत नाही त्यावर गोंद लावू नका. सॉफ्टवेअरवाल्यानं बॅकअपवर भाषण द्यावं आणि स्वतःच न घ्यावा, हे जरा लाजिरवाणंच आहे.

कोणतं पान छापायचं ते बाबांनाच विचारलं. बराच वेळ पानं उलटत बसले. शेवटी एक काढून दिलं, त्यात हिशोब कमी आणि कोपऱ्यात आजोबांनी काढलेला बैल जास्त. बैल काढायचे हे मला माहीतच नव्हतं. बाबा म्हणाले, "हा आमचा सर्जा."

बोर्डाच्या उजवीकडे अजून वीतभर जागा रिकामी आहे. आईनं तिच्या पेटीतून लग्नाआधीचं अर्धवट भरतकाम काढून ठेवलंय, पण आधी ते पुरं करणार म्हणते. तोवर मी स्क्रू पक्के करत नाही.